सपाटीवरचा इतिहास: नाशिकभोवतीच्या सोप्या पायवाटा

नाशिककर सुट्टीच्या दिवशी ‘फिरायला जाऊ’ म्हणाले की बेत डोंगराचाच ठरतो. हरिहर, ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, निदान पांडवलेण्याच्या पायऱ्या तरी. या बेतातून घरातली निम्मी माणसे आपोआप गळतात. आजीचे गुडघे दुखतात, आजोबांना दम लागतो, धाकट्याला कडेवर घ्यावे लागते, आणि कुणाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असते. मग ही मंडळी गाडीत बसून राहतात, नाहीतर घरीच थांबतात. याच जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मात्र जवळजवळ सपाट आहे. शहर ओलांडले की गोदावरी निफाडच्या काळ्या जमिनीतून संथ वाहते आणि सिन्नर, येवल्याकडे माळ पसरत जातो. माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती इथेच. व्यापारी रस्ते, यादवांची पहिली राजधानी, पेशव्यांच्या वकिलांचे वाडे, घाट आणि नदीतली देवळे, सगळे या सपाटीवर आहे. किल्ल्यांवर इतिहासाचे मोजके दिवस घडले, सपाटीवर त्याची शतके गेली. म्हणून सोप्या वाटेने चालणाऱ्याने आपण काही कमी पाहतो आहोत असे मनात आणू नये.

आपल्याकडे अशा चालण्याची परंपराही मोठी आहे. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नाशिक, सिन्नर करत पंढरपूरकडे जाते. वारीत सत्तरीची माणसे रोज कित्येक किलोमीटर चालतात, कारण वारीला चालण्याचे शास्त्र ठाऊक आहे. पहाटे निघायचे, उन्हाच्या आत मोठा टप्पा गाठायचा, ठरलेल्या जागी विसावा घ्यायचा आणि पुढच्याने मागच्याला सोडून जायचे नाही. आपल्या सहलीला एवढे नियम पुरेत.

युरोपातही सर्वांत आवडीने चालल्या जाणाऱ्या काही वाटा डोंगरातल्या नाहीत. कँटरबरीहून रोमला जाणारी ‘व्हिया फ्रान्सिजेना’ ही जुनी यात्रावाट उत्तर इटलीत पो नदीच्या मैदानात उतरते. व्हेरचेल्लीपासून पाव्हियापर्यंत ती भातखाचरांमधून आणि कालव्यांच्या काठाने जाते. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक 990 मध्ये रोमहून या वाटेने परतला आणि त्याच्या मुक्कामांची यादी लिहिली गेली. आजचे यात्रेकरू त्याच यादीच्या आधाराने चालतात. तिथे वळणावळणावर खुणेच्या पाट्या आहेत. आपल्याकडे तेवढ्या नाहीत, पण वाटा आहेत. पाटाचा रस्ता आहे, पाणंद आहे, गाडीवाट आहे. त्या शोधायच्या कशा, ते पुढे सांगतो.

पहिली वाट: रामकुंड ते तपोवन

सुरुवात शहरातच करावी. रामकुंडापासून तपोवनापर्यंतचे अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे आणि चढ जवळजवळ नाही. पण हे तीन किलोमीटर तासात उरकायचे म्हटले तर काहीच पाहून होणार नाही. मला विचाराल तर तीन तास द्यावेत. सकाळी सातच्या आत रामकुंडावर पोचावे. नंतर गर्दी, रिक्षा आणि ऊन तिन्ही वाढतात.

रामकुंडाजवळ काठावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कुठवर आले यावरून नाशिककर पूर मोजतात. नारोशंकराच्या देवळाची घंटा हे त्याच्या वरचे माप. पाणी तिथवर चढले की पूर मोठा समजायचा. 1969, 2008 आणि 2016 च्या पुरांच्या आठवणी काठावरच्या दुकानदारांकडे ऐकायला मिळतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर इथे त्यांनाच बोलू द्यावे. मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा हे जास्त लक्षात राहते.

नारोशंकराचे देऊळ म्हणजे रामेश्वराचे देऊळ. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते 1747 मध्ये बांधले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, आणि ही घंटा त्या विजयाची खूण म्हणून इथे आली. नदीपलीकडे सुंदरनारायणाचे देऊळ आहे, 1756 चे, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेले. पंचवटीतले काळाराम मंदिर त्यानंतरचे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते काळ्या दगडात उभे केले. ही तीन देवळे एका सकाळी पाहिली की पेशवाईतल्या सरदारांच्या हातात पैसा आला तेव्हा गोदाकाठ कसा बदलला, ते डोळ्यांसमोर येते.

काळारामाच्या दरवाजाशी थोडे जास्त थांबा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. मुलांना हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. देवळाचे खांब आणि शिखर दाखवायचे आणि त्याच दारात अडवलेली माणसे विसरायची, असा इतिहास अर्धा राहतो.

तिथून तपोवनाकडे वळा. कपिला आणि गोदावरीच्या संगमावर नदीच्या पात्रात काळा कातळ उघडा पडलेला दिसतो. पाण्याने घासलेल्या या खडकावर शेवाळ असते, म्हणून ज्येष्ठांनी काठावरूनच पाहावे. 2027 च्या कुंभमेळ्याच्या तयारीची कामे या पट्ट्यात चालू असतात, तेव्हा कुठला घाट खुला आहे याची आदल्या दिवशी चौकशी करून ठेवा. अजून अंगात बळ असेल तर रिक्षा करून पलीकडच्या तीरावर आगर टाकळीला जा. नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, तिथे गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी तरुणपणी बारा वर्षे तप केले ते या टाकळीत, आणि तिथला मठ व मारुती आजही भाविकांनी गजबजलेला असतो.

सिन्नर: थोडे चालायचे, खूप पाहायचे

नाशिकहून सिन्नर तीसेक किलोमीटर. पुणे, संगमनेरकडे जाणाऱ्या एसटी सतत असतात. बसस्थानकावरून गोंदेश्वरापर्यंत गावातूनच चालत जाता येते, आणि ऐश्वरेश्वराचे देऊळ जोडले तरी एकूण चाल चार-पाच किलोमीटरच्या पुढे जात नाही. चढ नाही, पायाखाली रस्ता आहे, म्हणून पहिल्यांदा चालणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी हीच वाट सुचवतो.

यादव घराण्यातल्या पहिल्या सेऊणचंद्राने नवव्या शतकात वसवलेले सेऊणपुर म्हणजेच हे सिन्नर, असे मानले जाते. देवगिरीचे वैभव पुढचे, पाचव्या भिल्लमाच्या काळातले, बाराव्या शतकाच्या शेवटचे. यादवांची सुरुवात मात्र या माळावर झाली. गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातले आहे. उंच जोत्यावर मधोमध महादेवाचे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे. सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची ही रचना म्हणजे शैव पंचायतन. महाराष्ट्रात इतके पूर्ण उरलेले पंचायतन क्वचितच आढळते.

इथे कसे पाहावे ते सांगतो, कारण बहुतेक लोक दर्शन घेऊन दहा मिनिटांत बाहेर पडतात. आधी दूर उभे राहून शिखर पाहा. चारही बाजूंनी मधून एकेक उभी पट्टी वर कळसाकडे जाते, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या दिसतात. हीच भूमिज शैली. 1060 च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध झालेले अंबरनाथचे शिवमंदिर याच शैलीतले, आणि मालेगाव तालुक्यातले झोडगे येथील देऊळही. एकदा हा नमुना डोळ्यांत बसला की पुढे कुठेही तो ओळखता येतो. मग जोत्याशी या. जोत्याच्या कडेने कोरलेल्या हत्तींच्या रांगेवरून मुलांना बोटे न लावता नजर फिरवायला सांगा. शेवटी आत जा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबा. मंडपाच्या खांबांवरचे कोरीवकाम हळूहळू उमटते. बाहेरचा दगड वाऱ्यापावसाने झिजला आहे, पण आतला बराच शाबूत आहे. दुपारी तीननंतर तिरपे ऊन आले की बाहेरचे शिल्प अधिक उठून दिसते. म्हणून शक्य असेल तर सिन्नर दुपारच्या जेवणानंतर ठेवा.

ऐश्वरेश्वर लहान आहे, आणि त्यामुळेच बहुतेकांकडून राहून जाते. ते अवश्य पाहावे. दोन्ही देवळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे डबे उघडून बसू नका, जेवण गावात करा. ज्यांना दगडांचे वेड आहे त्यांनी रिक्षा करून औद्योगिक वसाहतीतले ‘गारगोटी’ संग्रहालय पाहावे. दख्खनच्या काळ्या पत्थराच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक तिथे मांडले आहेत. ज्या दगडात गोंदेश्वर कोरला त्याच्याच पोटात हे निपजतात.

गोदाकाठ: चांदोरी ते नांदूर मध्यमेश्वर

खरी शिवारातली चाल हवी असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरीला उतरा. नाशिकपासून चोवीस-पंचवीस किलोमीटर. पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील हिंगणे यांचे हे गाव. त्यांनी दिल्लीहून पाठवलेली पत्रे भारत इतिहास संशोधक मंडळाने ‘हिंगणे दफ्तर’ म्हणून छापली आहेत, आणि पानिपताच्या आगेमागे उत्तरेत काय चालले होते ते समजायला अभ्यासक आजही तीच उघडतात. दिल्लीचे राजकारण चालवणारे घराणे गोदाकाठच्या या लहान गावातले होते, हे गल्ल्यांतून चालताना मनात ठेवा. वाडे खाजगी आहेत. आत डोकावण्याआधी दारातून हाक मारून विचारा. गावात बहुतेक वेळा ‘या, बसा’ असेच उत्तर येते.

चांदोरीच्या नदीपात्रात दगडी देवळे आहेत. पाणी भरलेले असते तेव्हा ती पाण्यात असतात आणि पातळी उतरली की उघडी पडतात. खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा इथवर येत असल्याने ती कधी दिसतील ते महिन्यावर नाही, बंधाऱ्यातल्या पाण्यावर ठरते. निघण्याआधी गावात कुणाला तरी फोन करून विचारणे सर्वांत चांगले. ओळखीचे कुणी नसेल तर पोचल्यावर पारावर विचारा. देवळे दिसली नाहीत तरी फेरी वाया जात नाही. पूल ओलांडून पलीकडे सायखेड्याला चालत जावे, नदी दोन्ही बाजूंनी पाहावी आणि तिथून एसटीने परतावे.

हिवाळ्यात या वाटेच्या दोन्ही बाजूंना शिवार कामाने भरलेले असते. द्राक्षबागांत घड वाढत असतात, वाफ्यांत उन्हाळ कांद्याची लागण चालू असते, उसाच्या गाड्या रस्ता अडवतात. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पहाटे कानटोपी आणि स्वेटर हवाच. दहा वाजता तोच स्वेटर पिशवीत जाईल.

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव. 18 जानेवारी 1842 रोजी ते इथे जन्मले. तिथून गोदाकाठच्या कोठुऱ्याला जाऊन बाणेश्वराचे देऊळ आणि घाट पाहता येतो. ही भर वेळ असेल तरच घालावी.

नांदूर मध्यमेश्वरला मात्र वेगळा दिवस द्यावा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडची जमीन भिजली. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती वाढल्या, आणि माणसाने शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पक्ष्यांनी आपले गाव वसवले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून जगाच्या यादीत गेले. चापडगावच्या बाजूने आत गेले की काठाने सपाट पायवाट आहे आणि मध्ये मध्ये निरीक्षण मनोरे आहेत. चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, चमच्या, जांभळी पाणकोंबडी ही मंडळी नवख्यालाही ओळखता येतात. सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास उत्तम. मनोऱ्यावर चढणे जमत नसेल तर काठावरूनही भरपूर दिसते. भडक रंगाचे कपडे टाळा, आवाज खाली ठेवा आणि स्थानिक गाइड घ्या. दुर्बीण त्यांच्याकडे असते आणि तुमचे पैसे गावातच राहतात.

वाट शोधताना, चालताना

सपाट जमिनीवर मोकळा माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. देवळे पाहत, मुलांना सांभाळत चालायचे असेल तर दोनच धरा. सहा किलोमीटरची फेरी म्हणजे सकाळचे तीन तास. याहून मोठा बेत पहिल्या वेळी आखू नका. जाऊन त्याच वाटेने परतण्यापेक्षा एका गावातून दुसऱ्या गावात चालावे आणि एसटीने यावे. त्यात अर्धी चाल वाचते. परतीच्या गाडीची वेळ मात्र उतरतानाच कंडक्टरला किंवा स्थानकावर विचारून ठेवायची.

वाटेसाठी गावनकाशा पाहायची सवय लावा. तलाठी कार्यालयात तो मिळतो. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. मोबाइलवरचा उपग्रह नकाशा त्याच्याशी ताडून पाहिला की कुठली पाणंद अजून वापरात आहे आणि कुठली नांगराखाली गेली, ते कळते. वाट शेतातच संपली तर बांध तुडवत पुढे घुसू नका. शेतमालकाला हाक मारा. वाफ्यात पाय पडला तर कुणाच्या तरी दिवसभराच्या लागणीवर पडतो. द्राक्षाचा घड तोडून पाहण्याचा मोह आवरा. बागेवर औषधाची फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून लांबून जा, मुलांना तर मुळीच जवळ नेऊ नका.

बिबट्याबद्दल गांभीर्याने सांगतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत उसात बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. उजाडल्याशिवाय उसाच्या कडेने चालू नये आणि दिवस मावळायच्या आत पक्क्या रस्त्यावर यावे. मुलांना पुढे पळू देऊ नये, एकटे कुणी मागे राहू नये, आणि बोलत चालावे. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहणे टाळावे. गावकऱ्यांनी ‘तिकडून जाऊ नका’ म्हटले की वाद न घालता दुसरी वाट धरावी. पक्षी पाहायला पहाटे निघणाऱ्यांनी गाडीने थेट चापडगावपर्यंत जावे. तिथवर अंधारात पायी जाऊ नये.

कालव्याच्या काठाने चालताना मुलांचा हात धरा. अस्तरीकरण केलेल्या उतारावर पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही बाहेर येणे अवघड जाते. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळू नका. हातात बांबूची काठी असावी. ती दाखवली तरी पुरते, आणि गुडघ्यांनाही तिचा आधार होतो. अवकाळी पाऊस झाला असेल तर दोन दिवस काळ्या जमिनीतल्या वाटा विसरा. चिखल बुटाला चिकटून प्रत्येक पाय दुप्पट जड होतो आणि ज्येष्ठ पडतात. अशा दिवशी सिन्नर किंवा गोदाघाट करावा.

बूट हलके आणि वापरून सैल झालेले हवेत, नवे कोरे नकोत. माणशी एक लिटर पाणी, टोपी किंवा उपरणे, गूळ-शेंगदाणे आणि रोजची औषधे वरच्या कप्प्यात. मधुमेहाच्या मंडळींनी न्याहारी करूनच निघावे. स्त्रियांच्या सोयीचा प्रश्न बेत आखतानाच सोडवावा, कारण शिवारात स्वच्छतागृह नसते. बसस्थानक, पेट्रोल पंप आणि मोठी देवस्थाने हे टप्पे आधी हेरून त्यांच्या आसपास विसावे ठेवावेत. या एका कारणाने घरातल्या बायका पाणी न पिता चालतात आणि आजारी पडतात, म्हणून गटप्रमुखाने हे स्वतःहून विचारावे.

हंगाम मार्गशीर्ष ते माघ. फाल्गुन संपता संपता ऊन सकाळी नऊलाच भाजू लागते. पुढचे दोन-तीन महिने चालायचे असेल तर अंजनेरीच्या पायथ्याशी जा, तेही सकाळी लवकर. गड चढायचा नाही. पायथ्याच्या गावाजवळ अकराव्या-बाराव्या शतकांतल्या जैन आणि हिंदू देवळांचे अवशेष विखुरले आहेत. त्यांतल्या एका जैन देवळात यादव राजा तिसऱ्या सेऊणचंद्राच्या दानाचा 1142 च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्र्यंबक रस्त्यावर जवळच नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. तिच्या संग्रहालयात भारतातल्या नाण्यांचा इतिहास क्रमाने मांडला आहे. संग्रहालय कोणत्या दिवशी बंद असते ते आधी फोन करून विचारा, देवळे सकाळी पाहा, आणि ऊन चढले की नाण्यांकडे वळा.